हरणाची कवटी घरी साफ करताना: युरोपियन माउंटचा माझा अनुभव

ही पद्धत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधली, पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. परवाना काढून, बंदुकीच्या नऊ दिवसांच्या हंगामात मारलेल्या आठ फाट्यांच्या नराची. भारतातल्या वाचकांना आधीच सांगतो, तिकडे हे करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार बंद आहे, आणि परवानगीशिवाय त्यांची कवटी किंवा शिंगं बाळगणं हाही गुन्हा आहे. रानात गळून पडलेलं सांबरशिंग उचलून घरी आणणंसुद्धा त्यात येतं. इथून नेण्याच्या भानगडीतही पडू नये.

युरोपियन माउंट म्हणजे कातडं, डोळे, भुसा काही न भरता नुसती स्वच्छ कवटी आणि तिच्यावरची शिंगं. खालचा जबडा लावत नाहीत. काम सोपं दिसतं, पण कवटी बिघडते ती जवळजवळ नेहमी घाईने: आच जास्त, सोडा जास्त, आणि चरबी पुरती निघायच्या आधीच पांढरं करायची गडबड.

सुरुवात तपासणीपासून. विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये 2002 पासून सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा रोग सापडतो आहे. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि उकळून ते प्रथिन नष्ट होत नाही. माणसाला हा रोग झाल्याची नोंद नाही, तरी मेंदू हाताळायचा आहे म्हटल्यावर मी निकाल हातात आल्याशिवाय सुरीच लावत नाही. गळ्यातल्या लसिकाग्रंथी तपासायला लागतात, म्हणून मानेचा पाचेक इंच भाग डोक्यासोबत ठेवायचा. नमुना घेणारा माणूस हजर असतो अशा केंद्रात गेलं, की ते ग्रंथी काढून घेऊन डोकं परत देतात. निकाल येईपर्यंत डोकं दोन जाड पिशव्यांत बांधून फ्रीजरमध्ये. निकाल बाधित आला तर ते डोकं मी साफ करत नाही.

सोलायला लहान, टोकदार सुरी घ्या आणि हातमोजे घाला. शिंगांच्या बुडाभोवती कातडं हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, तिथे सुरी हाडालगत फिरवायची. डोळ्यापुढच्या खळग्यात ग्रंथी असते आणि कातडं आत दुमडलेलं असतं. ते ओढलं तर खालचं पातळ हाड तुटतं, म्हणून टोकाने खरवडतच काढावं. गालाचा जाड स्नायू कापला की खालचा जबडा दाबून सुटतो. तो टाकू नका, हरणाचं वय खालच्या दाढांच्या झिजेवरूनच ओळखतात. डोळे, जीभ आणि टाळ्यावरचं मांस आताच जितकं निघेल तितकं काढा. इथे घालवलेला अर्धा तास पुढे पातेल्यातला एक तास वाचवतो.

मेंदूसाठी कवटीची मागची बाजू करवतीने कापायची नाही. मणका जिथे जोडलेला असतो तिथे मोठं छिद्र असतंच. जाड तारेचं टोक वाकवून आत फिरवायचं, मग बागेच्या नळीने पाणी सोडायचं. असं तीन-चारदा केलं की आतून स्वच्छ पाणी येऊ लागतं. निघालेला सगळा ऐवज पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. झुडपात किंवा शेतात टाकू नये.

यानंतर एक पूर्ण दिवस थंड पाण्यात बुडवून ठेवतो, शिंगं पाण्याबाहेर. पाणी लाल झालं की बदलायचं. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि मग गरम पाण्यात रक्त हाडातच शिजून तपकिरी डाग राहतो. तो नंतर कशानेही पुरता जात नाही.

आता मुख्य काम, पातेलं. ते जेवणाच्या भांड्यांतलं नको, याच कामाला ठेवलेलं हवं. गॅसची शेगडी अंगणात मांडतो, कारण वास पडद्यांत बसतो आणि वाफेबरोबर चरबीही उडते. 20 लिटर पाण्याला अर्धी वाटी धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचा द्रव साबण घालतो. सोडा वाढवला की मांस लवकर सुटतं, पण तोच सोडा पातळ हाडंही खातो आणि कवटीचा पृष्ठभाग खडूसारखा होतो. कोवळ्या नराच्या कवटीला मी धुण्याऐवजी खाण्याचा सोडा वापरतो.

शिंगांचं बूड पाण्याला लागू द्यायचं नाही. आधी प्लॅस्टिकची चिकटफिल्म, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, कडेला टेप. पाण्यावर चरबीचा तवंग येतो आणि तो शिंगाच्या बुडाभोवतीच्या खरबरीत कंगोऱ्यात शिरला तर राखाडी पट्टा उठतो. पातेल्यावर आडवी काठी टाकून शिंगं तिला बांधावीत, म्हणजे कवटी कंगोऱ्याच्या जरा खालपर्यंत बुडते आणि तळाला टेकत नाही. टेकली तर तिथलं हाड करपून काळं पडतं. पाण्याबाहेर राहिलेल्या भागावर अधूनमधून पळीने गरम पाणी ओतायचं. हंगामाच्या अगदी अखेरीस, हिवाळ्यात मारलेल्या नराची शिंगं गळायच्या बेतात असतात, ती शिजताना हातात येऊ शकतात. तशी कवटी बांधताना शिंगांवर भार टाकू नये.

आच हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाणी थरथरलं पाहिजे, खळखळता कामा नये. थर्मामीटरवर 82 ते 88 अंश सेल्सिअस. खळखळून उकळलं की चरबी वितळून हाडाच्या आत मुरते, सांधे उघडतात, दाढा सैल होतात आणि नाकाची दोन लांब हाडं सुटून तरंगायला लागतात. चाळीस मिनिटं झाली की बाहेर काढा, बोथट सुरीने आणि चिमट्याने सुटलेलं मांस काढा, पाणी फेका, नव्या गरम पाण्यात पुन्हा ठेवा. गरम कवटीवर गार पाणी ओतू नका, दाताला चीर जाते. प्रौढ नराला असे चार फेरे लागतात. पहिल्या फेऱ्यात फारसं काही सुटत नाही म्हणून आच वाढवायचा मोह होतो, तो टाळावा. दुसऱ्या फेऱ्यानंतर मांस पापुद्र्यांनी निघतं.

मांस दडून राहतं ते दोन ठिकाणी. कानामागच्या फुगीर पोकळ हाडात, आणि नाकाच्या आत कागदासारख्या गुंडाळ्या असतात तिथे. पहिल्या ठिकाणी दाभण किंवा वाकडी सुई चालते. नाकातल्या गुंडाळ्या मी शक्यतो राखतो, तिथे फक्त पाण्याची धार मारतो. प्रेशर वॉशर वापरायचा तर रुंद फवाऱ्याचं तोंड लावून, फूटभर अंतरावरून, चष्मा आणि मास्क घालून. कवटीखाली जाळी धरायचीच, कारण दाढा निसटतात. वर पुढचे दात नसतात, प्रत्येक बाजूला सहा दाढा. एकूण बारा मोजून घ्या, सुटलेल्या डबीत ठेवा.

कुजवण्याची पद्धत यापेक्षा हळुवार आहे. कोमट पाण्यात झाकून ठेवायची, जिवाणू काम करतात, हाडाला काही होत नाही. पण कित्येक आठवडे जातात, वास भयंकर असतो, आणि इथल्या नोव्हेंबरात पाणी तापतं ठेवायला हीटर लागतो. संग्रहालयांत डर्मेस्टिड भुंगेरे मांस खाऊन कवटी साफ करतात. निकाल अप्रतिम असतो, पण ते भुंगेरे घरात पसरले तर लोकर, चामडं काही सोडत नाहीत. पुरायची मात्र नाही. मातीने हाड डागळतं, आणि खारी, उंदीर शिंगं कुरतडतात.

मांस निघालं की कवटी साफ झाली असं वाटतं. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं, कारण चरबी अजून हाडात असते. बादलीत 40 ते 45 अंशांचं पाणी आणि साबण घालून कवटी ठेवतो. पाणी गढूळ झालं किंवा वर तवंग आला की बदलतो. हरणाची कवटी डुकराइतकी तेलकट नसते, तरी पाच-सहा दिवस धरा. दोन दिवस पाणी नितळ राहिलं की थांबायचं. वाळल्यावर कुठे अर्धपारदर्शक, पिवळट भाग दिसला तर चरबी आहे, परत बादलीत.

पांढरं करायला क्लोरीनचं ब्लीच कधीही वापरू नका. ते हाडाला धरून ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन खातं, धुतल्यावरही थांबत नाही, आणि काही वर्षांत कवटी पिवळी पडून भुगा होऊ लागते. ब्लीचचा उपयोग फक्त सुऱ्यांना: आधी घासून मांस पूर्ण काढायचं, मग दोन भाग ब्लीच, तीन भाग पाणी, पाच मिनिटं.

कवटीला हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं चालतं, पण बुडवायला बरंच लागतं. मी केस रंगवणाऱ्यांकडचं 40 व्हॉल्यूमचं क्रीम घेतो, म्हणजे 12 टक्के. ब्रशने जाडसर थर लावायचा, वर चिकटफिल्म सैल गुंडाळायची, चोवीस तास. थर वाळला तर काम थांबतं. कंगोऱ्यापासून बोटभर अलीकडे थांबून उरलेली जागा बारीक ब्रशने भरावी, क्रीम शिंगाला लागलं की पांढरा ठिपका पडतो. पडलाच तर पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी पातळ पाण्याने रंग परत आणता येतो. हातमोजे हवेतच. उरलेलं क्रीम झाकण घट्ट लावून ठेवू नका, आत वायू साठतो. तापवू नका, धातूच्या भांड्यात ओतू नका.

मग भरपूर धुऊन आठवडाभर सावलीत वाळवणं. उन्हात वाळवली तर नाकाजवळ भेगा जातात. सुटलेल्या दाढा आणि नाकाची हाडं पांढऱ्या डिंकाने बसवावीत, चुकलं तर पाण्याने सोडवता येतात. चकाकणारं वॉर्निश मला आवडत नाही, हाड प्लॅस्टिकसारखं दिसतं. बाहेरची भिंत आणि फायरप्लेसच्या वरची जागा सोडून घरातल्या कोरड्या भिंतीवर टांगावी.

दोन-तीन महिन्यांनी एकदा खाली उतरवून कानामागचं फुगीर हाड आणि डोळ्यांच्या खोबणीची वरची कड बघा. चरबी परत वर येते ती तिथे. पिवळा ठिपका दिसला तर क्रीम लावू नका, आधी साबणाच्या पाण्याची बादली काढा.