फ्लोअर पंपाचा शोध: पंप ठरला, आता पुढचं काम

सायकलच्या टायरात हवा भरायचा, जमिनीवर उभा ठेवून वापरायचा पंप ठरला. स्टीलचं नळकांडं, आतला व्यास 32 मिमी, रुंद धातूचा पाया, खाली बसवलेलं गेज (दाब दाखवणारं मीटर) आणि माझ्या सायकलींच्या दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना चालणारं हेड, म्हणजे नळीचं व्हॉल्व्हवर बसणारं टोक. मी पाहिलेल्या सगळ्यात साध्या पंपांपैकी हा एक आहे आणि मी त्याच्यावर मनापासून खूश आहे. का निवडला ते लिहितो, म्हणजे कमी बजेटमध्ये शोधणाऱ्यांना उपयोग होईल.

माझ्याकडे दोन सायकली आहेत. रोड बाइकच्या 25 मिमी टायरला मी 90 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) ठेवतो आणि त्याला प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्ह आहे. एमटीबीला (माउंटन बाइकला) श्रेडर, म्हणजे मोटारगाडीच्या टायरला असतो तसा जाड व्हॉल्व्ह, आणि तिथे 30 पुरे होतात. दोघींना एकच पंप हवा होता.

सुरुवातीला सगळे पंप 160 पीएसआयच्या आकड्यावरूनच विकले जातात असं दिसलं. तो आकडा बाजूला ठेवा आणि नळकांड्याचा व्यास विचारा. दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ, एवढंच गणित आहे. 90 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 6.3 किलो. 32 मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ 8 चौ. सेंमी., म्हणजे शेवटच्या स्ट्रोकला मुठीवर सुमारे 51 किलो भार द्यावा लागतो. 38 मिमीच्या पंपाला तेच 72 किलो होतात. माझं वजन 64 आहे! अंगाचा सगळा भार टाकला तरी तो दांडा नव्वदच्या आधीच अडणार. आणि त्याच जाड पंपावर 160 छापलेलं असेल, तर तिथवर पोचायला जवळजवळ 128 किलो हवेत. छापलेला दाब पंप सोसेल, पण तो भरणार कोण?

जाड नळकांड्याचा फायदाही खरा आहे. लांबी तेवढीच असेल तर 38 मिमीचा पंप एका स्ट्रोकमध्ये 40 टक्के जास्त हवा ढकलतो. फक्त एमटीबी किंवा रुंद टायर असतील तर बिनधास्त तोच घ्या. माझ्यासारखी जोडी असेल तर बारीक बरा. एमटीबीला थोडे जास्त स्ट्रोक मारावे लागतात, इतकंच.

गेजबद्दल जरा सविस्तर. प्रेस्टाला हेड लावलं, लिव्हर उचलला, तर काटा शून्यावरच राहतो. टायरमध्ये 70 पीएसआय असले तरी. आतल्या दाबानेच व्हॉल्व्ह बंद असतो आणि गेज फक्त नळीतला दाब दाखवतं. दांडा दाबत गेलं की काटा सरसर चढतो, व्हॉल्व्ह उघडला की क्षणभर थबकतो, मग सावकाश वर सरकतो. ती थबकण्याची जागा म्हणजे टायरमधला दाब. हेड काढताना फुस्स होतं ती हवाही बहुतेक नळीतलीच असते, तेव्हा घाबरून पुन्हा भरू नका. श्रेडरला वेगळं: हेडमधली पिन व्हॉल्व्हची सुई दाबत असेल तर लावल्याबरोबर काटा वर येतो.

मात्र कमी दाबाला या गेजवर माझा भरवसा नाही. गेजची अचूकता साधारणपणे पूर्ण मापाच्या टक्क्यांत सांगतात. 160 च्या गेजवर 3 टक्के म्हणजे जवळजवळ 5 पीएसआय. नव्वदला ते चालून जातं. तिसाला पाच म्हणजे चिखलात टायरची पकड बदलते.

स्वस्त पंपात आधी जातं ते रबर: हेडमधला गॅस्केट आणि पिस्टनचा वॉशर किंवा ओ-रिंग. हे सुटे मिळतात का, आणि वरची टोपी हाताने उघडते का, हे मी घेण्याआधी पाहिलं. चिकटवून बंद केलेला पंप कितीही देखणा असो, नको. नळीही उंच धरलेल्या व्हॉल्व्हपर्यंत आरामात पोचली पाहिजे.

आल्यावर पहिलं काम केलं: टोपी उघडून जुनं पातळ तेल पुसलं आणि सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला. खनिज तेलाने काही रबरं फुगतात, म्हणून सिलिकॉन. दांड्याची खरखर गेली, आता तो एकसारखा खाली जातो.

पुढचा टप्पा एमटीबीसाठी कमी मापाचं वेगळं गेज. 60 पीएसआयपर्यंतचं शोधतोय. कोणी वापरत असेल तर प्रेस्टा आणि श्रेडर दोन्हींवर नीट बसतं का, ते जरूर सांगा.