हॅझॉपमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारा रकाना

खत कारखान्यातल्या अमोनिया टाकीचा हॅझॉप (यंत्रणेत काय काय बिघडू शकतं याचा टीमने बसून केलेला पद्धतशीर अभ्यास) आम्ही नुकताच पुरा केला. नोड पाडणं (म्हणजे अभ्यासासाठी यंत्रणेचे भाग करणं), प्रवाह-तापमान-पातळी यांना ‘नाही’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’ लावत जाणं भराभर झालं. गाडी अडली ती ‘जास्त दाब’पाशी, सेफगार्डच्या, म्हणजे धोका रोखणाऱ्या उपायांच्या, रकान्यात.

टाकीत अमोनिया उणे ३३ अंशांना, जवळपास वातावरणाच्याच दाबावर असतो. वरून ३० अंशांचा द्रव तसाच आत आला तर त्याचा सुमारे पाचवा हिस्सा तिथल्या तिथे वायू होतो. तेवढा वायू ओढणं रेफ्रिजरेशन कॉम्प्रेसरच्या आवाक्यात नसतं. यावर तीन सेफगार्ड लिहून आले: कॉम्प्रेसरचं लोड आपोआप वाढणं, हाय प्रेशर अलार्म, फ्लेअरचा (जादा वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीचा) व्हॉल्व्ह उघडणं. पण पी अँड आयडीवर (पाइप आणि उपकरणांच्या ड्रॉइंगवर) बोट ठेवून मागे मागे गेलं की तिन्ही एकाच प्रेशर ट्रान्समीटरवर (दाब मोजून सिग्नल पाठवणाऱ्या उपकरणावर) येऊन थांबतात. कॅलिब्रेशननंतर त्याचा रूट व्हॉल्व्ह (टाकीकडून त्याच्याकडे येणाऱ्या नळीवरचा) बंदच राहिला, तर तो नळीत कोंडलेला जुना दाब दाखवत राहतो. लोड वाढत नाही, अलार्म वाजत नाही, फ्लेअर उघडत नाही. उरतो फक्त रिलीफ व्हॉल्व्ह, दाब फार वाढला की आपोआप उघडणारा.

हे तीन नव्हेत, एकच आहे, एवढं मान्य करून घ्यायला जो वेळ गेला त्याची चीड अजून आहे. ‘आजवर काही झालं नाही’ हे उत्तर हॅझॉपच्या टेबलावर चालताच कामा नये.

अखेर ठरलं ते असं: अलार्म आणि फ्लेअरसाठी वेगळा ट्रान्समीटर, तोही वेगळ्या टॅपिंगवरून (टाकीवरच्या वेगळ्या जोडणीवरून), दोन्हींच्या रीडिंगमध्ये फरक पडला की वेगळा अलार्म, रूट व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत सीलबंद. उलटी बाजूही तपासा. ट्रान्समीटर चढ्या आकड्यावर अडकला तर कॉम्प्रेसर ओढतच राहतो, आणि अशी टाकी निर्वात फारच थोडा सोसते. आत वायू सोडून निर्वात मोडणारा व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकर, लागतोच.

परिणाम लिहिताना एकही सेफगार्ड नाही असं धरा, नाहीतर ‘रिलीफ व्हॉल्व्ह उडेल’ एवढ्यावरच चर्चा मिटते. अमोनिया हवेपेक्षा हलका म्हणून वर जाईल, हेही गृहीत धरू नका. थंड द्रव गळला की ढग जमिनीलगत पसरतो, आणि हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) म्हणजे जिवाला तत्काळ धोका.

हो, आणि बैठकीआधी ड्रॉइंग हातात घेऊन लाइन चालून पाहा. शिफ्टमधला जुना ऑपरेटर सोबत हवाच. शिफारशीत ‘आढावा घ्यावा’ लिहू नका. कोणता टॅग (उपकरणाचा नंबर), काय बदल, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. आमच्या यादीत ‘आढावा’वाल्या शिफारशीच अजून उघड्या आहेत.