तिसऱ्या घंटेआधीचं ठाणे

रविवारी नेरूळहून ठाण्याला जायचं तर आधी मेगाब्लॉक बघावा लागतो. ट्रान्सहार्बरवर ब्लॉक असला की अकराच्या सुमारास गाड्या थांबतात त्या दुपारी चारपर्यंत, आणि 'संगीत सौभद्र'चा प्रयोग नेमका चारचा. म्हणून सकाळीच निघाले. त्यामुळे पूर्ण दिवस ठाण्यात मिळाला, आणि नाटकाआधीचं नाटक बघायला मिळालं.

पावसाळ्यात हा प्रवास सुंदर असतो. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली करत गाडी रबाळ्याला येईपर्यंत उजव्या हाताला पारसिकचा डोंगर हिरवागार झालेला दिसतो. मग ऐरोली, आणि ठाण्याच्या अलीकडे खाडीचं गढूळ पाणी. बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच ठाण्यात आली होती. तिच्या दहा वर्षं आधी, १८४३ मध्ये, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. म्हणजे आपल्याकडे रेल्वेच्या आधी नाटक आलं, आणि पुढे नाटक कंपन्या गावोगाव फिरल्या त्या याच रेल्वेतून, पडदे-ट्रंका घेऊन. वाशीच्या नाट्यगृहाला भाव्यांचं नाव आहे, ठाण्याच्या नाट्यगृहाला राम गणेश गडकऱ्यांचं. आमच्या या पट्ट्यात राहणाऱ्याला नाट्यसंगीताचं वेड लागलं तर त्यात नवल नाही.

स्टेशनबाहेरची रविवारची गर्दी, जांभळी नाक्यावरचा भाजीबाजार, कौपिनेश्वराचं दर्शन, हे सगळं नेहमीचंच, त्यात थांबत नाही. मामलेदार मिसळीसाठी रांग होती, तरी उभी राहिले. नाकातोंडातून पाणी काढणारा तो रस्सा खाऊन तलावपाळीला आले तेव्हा साडेबारा झाले असतील. मासुंदा तलावावर रिमझिम चालू होती आणि काठावरच्या गडकरी रंगायतनच्या मागच्या बाजूला एक टेम्पो उभा होता.

आमच्या मंडळींचाच टेम्पो. आमच्या म्हणते, कारण गेली काही वर्षं हा संच जिथे प्रयोग लावेल तिथे मी जाते. ठाणे, कळवा, डोंबिवली, ऐरोलीकडची विशी-पंचविशीतली ही मुलं. कुणी कॉलेजात, कुणी बँकेत, कुणी ऐरोलीच्या आयटी पार्कात. एकजण शाळेत संगीत शिकवतो. तालमी रात्री नऊनंतर, एका शाळेच्या हॉलमध्ये. आणि नाटक 'संगीत सौभद्र', अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ सालचं.

टेम्पोतून ऑर्गन उतरत होता. दोन चादरी, वर प्लॅस्टिक, त्यावर सुतळी. चौघांनी उचलला होता आणि पुढून मागे चालणारा मुलगा एकेक पायरी मोठ्याने मोजत होता. "काकू, जरा बाजूला व्हा, ओलं आहे," म्हणाला तोच संध्याकाळी पीतांबर नेसून कृष्ण होणार होता. रंगमंचावर नेल्यावर वाजवणाऱ्या मुलीने आधी चादरी सोडल्या, मग कोरड्या फडक्याने एकेक पट्टी पुसली, पायाने भाता मारत खालपासून वरपर्यंत प्रत्येक सूर लांबवून ऐकला. दमट हवेने एक पट्टी दाबल्यावर वर यायला उशीर करत होती. तिने ती दोनचार वेळा हलवली, कान लावला, आणि शेजारी बसलेल्या तबलजीला म्हणाली, "हा सूर आज जपून. 'प्रिये पहा'त मी वरचा घेते." तो म्हणाला, "घे. मी आहे."

तबलजीच्या पुढ्यात दोन तबले होते. कृष्ण झालेला मुलगा काळी एकच्या पट्टीत गातो, रुक्मिणी झालेली मुलगी काळी चारच्या. एकाच प्रवेशात कृष्ण गातो आणि लगेच रुक्मिणी गाते, तेव्हा मधल्या चार वाक्यांत तबला बदलायचा, आवाज न करता. ऑर्गनवालीचं काम त्याहून नाजूक. संवाद चालू असतानाच ती पुढच्या पदाचा षड्ज, म्हणजे 'सा', अगदी हळू धरून ठेवते. प्रेक्षकाला तो ऐकू आल्यासारखा वाटत नाही, पण नटाच्या कानात तो बसतो, आणि बोलता बोलता त्याचं वाक्य सुरावर उतरतं. हे साधलं तर पद सुरू झालं कधी ते कळत नाही. नाही साधलं तर नट थांबतो, घसा साफ करतो, आणि नाटक संपून मैफल सुरू होते. ही मुलं त्या एका क्षणासाठी तासन्‌तास घासतात. मी तालमीला बसले होते तेव्हा एका रात्री त्यांनी पदं गायलीच नाहीत, फक्त पदाच्या आधीची वाक्यं आणि पदाचा पहिला शब्द, एवढंच पुन्हा पुन्हा केलं.

मला हा संच इतका का आवडतो, याचं खरं उत्तर इथेच आहे. 'परंपरा जपणारी तरुण पिढी' असं यांच्याबद्दल कुणी बोललं की मला ते अपुरं वाटतं. जपणं म्हणजे फडताळात ठेवणं. यांनी संहिता उघडून वाचली. मूळ 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदं आहेत, रात्रभर चालणारं नाटक. आज तीन तासांत बसवायचं तर बहुतेक जण गाजलेली पदं ठेवतात आणि ती ऐसपैस गातात. यांनी उलटं केलं. किर्लोस्करांची पदं बरीचशी छोटी आहेत, साकी, दिंडी, कामदा अशा वृत्तांतली. चाली कीर्तनातल्या, बायकांच्या गाण्यांतल्या, कर्नाटकातून आलेल्या. ती पदं कथानक पुढे नेतात. ख्यालगायकीचा विस्तार नाट्यसंगीतात आला तो पुढच्या काळात, भास्करबुवा बखल्यांनी खाडिलकरांच्या 'संगीत स्वयंवरा'ला १९१६ मध्ये चाली दिल्या तेव्हा, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून तो घरोघरी पोचला. तो विस्तार थोरच आहे, मी त्याच्यावरच वाढले. पण 'सौभद्रा'त प्रत्येक पदाला दहा मिनिटं दिली तर सुभद्रेचं लग्न लांबतं आणि प्रेक्षक तिची काळजी करायचं विसरतो. म्हणून यांनी पदं जास्त ठेवली आणि प्रत्येक पद आखूड केलं. साक्या-दिंड्या तर संवादासारख्या म्हणतात, एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची.

सव्वातीनला फाटकाशी आले. तिकीटखिडकीवर पांढऱ्या केसांची माणसं होती, तशी कानात हेडफोन लटकवलेली पोरंही होती, संचातल्यांचे मित्र असावेत. नाट्यगृह निम्म्याहून थोडं जास्त भरलं. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. विंगेत नारळ फुटल्याचा आवाज आला. तिसऱ्या घंटेनंतर नांदी सुरू झाली, सगळा संच रांगेत, हात जोडलेले, आणि मखमली पडदा अजून बंदच. पडद्यामागून येणारी ती सामूहिक नांदी ऐकताना मला दर वेळी गलबलून येतं. आजही आलं.

गोष्ट सगळ्यांना माहीत. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायची ठरवली आहे, तिचं मन अर्जुनावर, आणि कृष्ण गालात हसत सगळ्यांना नाचवतो. अर्जुन यतीच्या वेषात येतो आणि बलराम स्वतःच सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो. हा विनोद या मुलांच्या अंगात उतरला आहे. बलराम झालेला मुलगा जराही विनोदी करायला जात नाही. तो मनापासून, डोळे मिटून, त्या खोट्या यतीच्या पाया पडतो, आणि लोक खो-खो हसतात.

मग दुर्योधनाशी लग्न टळत नाही असं सुभद्रेला कळतं तो प्रवेश. 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद. मी ते आयुष्यभर ऐकत आले आहे, रेडिओवर, कॅसेटवर, मैफलींत. या मुलीने ते उभं राहून गायलं नाही. एका खांबाला टेकून बसली होती, पदर बोटाला गुंडाळत. पहिला शब्द जवळजवळ बोललीच. एकही लांब तान नाही. 'शरण' शब्दावर येताना सूर किंचित हलवला, तेवढाच. त्या शब्दानंतर तिने श्वास घेतला आणि तबलजीने त्या श्वासापुरता हात वर धरला, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, थेट न येता तिच्यासाठी थांबला. माझ्या शेजारचे आजोबा मांडीवर ताल धरत होते, त्यांचाही हात थांबला. बावीसेक वर्षांची ती मुलगी खरंच विचारत होती की मी आता कुणाकडे जाऊ.

पद संपलं आणि वरून बाल्कनीतून आरोळी आली, "वन्समोअर!" मागोमाग आणखी दोघांची. ती हलली नाही. मान खाली, पदर तसाच बोटात, आणि तिच्या सखीने पुढचं वाक्य घेतलं. प्रवेश पुढे गेला. नंतर कृष्णाच्या 'प्रिये पहा'ला वन्समोअर आला तेव्हा मात्र कृष्णाने रुक्मिणीकडे पाहून मिश्कील हसत तो दिला, कारण पहाट झाल्याचं बायकोला दुसऱ्यांदा सांगायला कृष्णाची ना नसणारच. ऑर्गनवालीने वरचा सूर घेतला तो मी ऐकला.

वन्समोअर कुठे घ्यायचा आणि कुठे नाही हे एवढ्या कोवळ्या वयात कळणं मला फार मोठी गोष्ट वाटते. टाळ्या कुणाला नको असतात? त्यातून प्रयोगाला जेमतेम भाडं निघत असताना प्रेक्षकाला नाराज करायचं धाडस लागतं. मध्यंतरात दोन बायका बाहेर तक्रार करत होत्या की हल्लीची मुलं मान देत नाहीत. मला वाटतं त्या मुलीने सुभद्रेला मान दिला. तिचं दुःख पुन्हा वाजवून दाखवायची वस्तू नाही एवढंच तिने ठरवलं.

उणिवा आहेत. अर्जुनाचा आवाज वरच्या सप्तकात आवळतो. कॉलर माइक मुकुटाला घासले की खरखर होते, आणि द्वारकेच्या महालाचा रंगवलेला पडदा एका कोपऱ्यात पोपडे धरू लागला आहे. नवा पडदा करून घ्यायचा तर खर्च मोठा. त्यांनी पैसे जमतील तसे आधी ऑर्गनच्या दुरुस्तीला लावले. मलाही तोच क्रम बरोबर वाटतो.

प्रयोग संपल्यावर मागच्या दाराशी गेले. रंग उतरवलेले चेहरे, कुणाच्या कानामागे अजून काजळाची रेघ. दाढी काढलेला यती टेम्पोत ट्रंका रचत होता. ब्लॉक संपून गाड्या सुरू झाल्या होत्या, तेव्हा नवी मुंबईकडची तिघं माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आली. सुभद्रा, तबलजी आणि पेटाऱ्याच्या चाव्या सांभाळणारा एक मुलगा. गाडीत बसायला मिळालं. सुभद्रेने पिशवीतून डबा काढला आणि पोळीभाजीचा पहिला घास मला दिला, मग तिघं त्यावर तुटून पडले.

पुढचं नाटक 'एकच प्याला' घ्यायचं चाललं आहे म्हणे. गडकऱ्यांचं, आणि त्यांनीच न पाहिलेलं, कारण ते जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने ते त्यानंतर रंगमंचावर आणलं. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. तबलजीचं म्हणणं, नायिकेची, सिंधूची पदं कमी करू, गडकऱ्यांचं गद्यच एवढं भारी आहे. सुभद्रा उसळून म्हणाली, "अरे, तिला घरात कुणी बोलू देत नाही. तेवढंच तर बोलते ती!" घणसोली आली, कोपरखैरणे आलं, वाद मिटेना. "काकू, तुम्ही सांगा," म्हणून दोघं माझ्याकडे वळले. मी म्हटलं, आधी दोन्ही करून दाखवा. पुढच्या शनिवारी रात्री नऊला तालमीला या म्हणाले. दोन्ही करून दाखवणार आहेत.