नऊ भावंडांत लक्ष कुणाकडे?

आम्ही नऊ भावंडं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. सोसायटीतल्या तरुण आया तर फार मनापासून विचारतात, "काकू, तुमच्या आईचं सगळ्यांकडे लक्ष कसं हो असायचं?" त्यांना नवल वाटणारच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. त्या हिशेबात नऊ बसायची कुठे? तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आईचं सगळ्यांकडे लक्ष नसायचं. असणं शक्यच नव्हतं.

माया कमी होती असं मात्र कुणी समजू नये. सांगोला तालुक्यातलं आमचं गाव, जमीन सगळी जिरायत. आई अकरा वेळा बाळंत झाली. एक मूल गोवराने गेलं, एक डांग्या खोकल्याने. "इतकी मुलं कशाला होऊ दिली?" असं विचारणाऱ्यांनी हे दोन रिकामे पाळणे आधी बघावेत. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ सालीच काढलं होतं. आमच्या आईला ऑपरेशनबद्दल कुणी नीट समजावून सांगितलं ते पन्नास वर्षांनी, धाकट्याच्या बाळंतपणानंतर.

आम्हाला सांभाळलं आक्काने. मी आठवी. माझा जन्म १९६८ चा, आणि त्याच वर्षी आक्काची शाळा सुटली. ती सातवीत होती, गणितात पहिली यायची. आई बाराव्या दिवशी खुरपणीला गेली आणि मी आक्काच्या कडेवर आले. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे. घरात रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी. कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, आई पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आक्का ती परातीत ओतून वाटे करायची, बोटाने रेघा ओढून. ते वाटे आठच असायचे, हे मला ताईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. चार वर्षांच्या मला मोजता येत नव्हतं, पण मोठ्यांना तर येत होतं. आक्काला मागणी येऊनसुद्धा घरच्यांनी लग्न दोन वर्षं लांबवलं, कारण धाकटी दोघं अजून तिच्याच हाताने जेवत होती. ती सासरी गेली आणि ताईची शाळा सुटली.

मोठ्या कुटुंबाची बाजू घेणारे एक गोष्ट हमखास सांगतात, की बाबासाहेब आंबेडकर हे चौदावं अपत्य. खरंच आहे. पण त्या चौदांतली पाचच जगली, आणि आई भीमाबाई लवकर गेल्यावर बाबासाहेबांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला, हेही त्याच दमात सांगायला हवं. आत्या, आजी, थोरली बहीण, यांच्या कष्टांचं माप आईबापांच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो.

आणि आक्कालाही सगळं दिसलं नाही. आमचा बापू पाचवा, रडका नाही की हट्टी नाही. लहानपणी त्याचा डावा कान वाहायचा. लसूण घालून कोमट केलेलं तेल दोन थेंब सोडायचं, वर कापसाचा बोळा, की झालं. कान वाहायचा थांबला आणि सगळे विसरून गेले. शाळेत मास्तर त्याला "लक्ष नसतं" म्हणून छडीने मारायचे. घरीही हाक मारली की तो कधी यायचा, कधी यायचा नाही. त्याला आम्ही सगळी मिळून 'आडमुठ्या' म्हणायचो. मीही म्हणायचे. दहावीत दोनदा नापास झाला. एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीला गेला, धावण्यात पहिल्या पाचांत आला आणि डॉक्टरी तपासणीत बाहेर पडला. डाव्या कानाने त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. घरातल्या दहा माणसांना हे एकोणीस वर्षांत कळलं नाही.

दोन मुलं असती तर कळलं असतं, असं मला वाटतं. निदान एखाद्या रात्री आईला त्याच्याजवळ निवांत बसता आलं असतं.

तो भरतीहून परत आला ती संध्याकाळ मला आठवते. आई चुलीपुढे होती. ऐकून तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती तशीच करपली. मग एवढंच म्हणाली, "मला वाटायचं, ह्यो माझ्या शब्दाला किंमतच देत न्हाय."

त्यानंतर आई असेपर्यंत बापू जेवायला बसला की ती येऊन त्याच्या उजव्या हाताला बसायची. जागा नसेल तर आम्हाला उठवायची.