कान्हेरीच्या डोंगरावर पाणीपुरवठ्याचा तास

अभियांत्रिकी महाविद्यालयात मी पाणीपुरवठा हा विषय शिकवतो. तिसऱ्या वर्षाची अभ्यासभेट एरवी जलशुद्धीकरण केंद्रात होते. यंदा मात्र मी मुलांना बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या डोंगरावरील प्राचीन बौद्ध लेण्यांत नेले, आणि तेही मुद्दाम जुलैत, कारण तिथली पाण्याची व्यवस्था कोरड्या दिवसांत नीट उमगत नाही.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाशी मुंबईच्या नळाचे जुने नाते आहे. १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव याच डोंगरांच्या कुशीत आहेत, आणि दहिसर व मिठी या नद्यांचे उगमही इथलेच. बसमध्ये मी एवढेच सांगितले. पुढचे सगळे पावसाने शिकवले.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, आणि तिथल्या उंच बुद्धमूर्ती पाहून आम्ही वरच्या पायऱ्या चढू लागलो, तोच मोठी सर आली आणि सगळे एका विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या निवासी लेण्याच्या, ओसरीत शिरले. दर्शनी भागाच्या वर, कपाळावर आठी असावी तशी एक आडवी पन्हळ कोरलेली होती. डोंगरउतारावरून आलेले पाणी ओसरीवर न कोसळता त्या पन्हळीतून एका बाजूला वळत होते, तिथून खडकातल्या बोटभर खोल चरात उतरत होते आणि ओसरीलगतच्या टाक्यात पडत होते. टाक्याचे तोंड लहान आणि चौकोनी होते, कडेला झाकण बसेल अशी खाच होती, आणि आत वाकून पाहिल्यावर पोकळी तोंडापेक्षा कितीतरी रुंद असल्याचे दिसले. तोंड लहान ठेवले की ऊन आणि पालापाचोळा कमी आत जातो, पाण्याची वाफही कमी होते. हे मी फळ्यावर अनेकदा लिहिले असेल, पण ते वर्गाला पटताना मी त्या दिवशी पाहिले.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग प्रत्येक लेण्याचं पाणी वेगळं?" बहुतेक ठिकाणी तसेच आहे. इथल्या शिलालेखांत लेण्यांप्रमाणेच पाण्याच्या टाक्यांचीही दाने नोंदलेली आहेत. कल्याणच्या एका सोनाराने असेच एक टाके दिले होते. पाणी साठवण्याची सोय हे स्वतंत्र दान मानले जावे, यात त्या समाजाची मोठी समज आहे असे मला मनापासून वाटते.

मग मुलांनी आपणहून हिशेब मांडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा वीस चौरस मीटर उघड्या कातळावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती सोडून हजार लिटर पाणी टाक्यात येते. दोघे जण टेप घेऊन भर पावसात चराची लांबी आणि उतार मोजू लागले, तेव्हा कातळ निसरडा असल्यामुळे त्यांना आवरावे लागले.

ही भेट अभ्यासक्रमात कायमची धरावी असा प्रस्ताव मी विभागाला दिला आहे. ती पावसाळ्यातच व्हावी आणि सोबत मोजमापाचा एक पूर्ण तास असावा, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.