तळ्यातल्या किल्ल्याने वाचवलेलं संस्थान

जर्मनीतल्या हानोफरहून लोकलने वुन्स्टॉर्फ, तिथून बसने श्टाइनहुडे. गावात शिरल्या शिरल्या धुरी दिलेल्या वाम माशाचा वास आला आणि समोर ते प्रचंड तळं, जवळपास 30 चौरस किमी पसरलेलं पण खोली सगळ्यात जास्त म्हणजे साधारण तीन मीटर. मला यायचं होतं त्याच्या मधोमध असलेल्या विल्हेल्मश्टाइन ह्या बेटावरच्या किल्ल्याला. वारा चांगला होता म्हणून लाकडी शिडाची बोट मिळाली.

शाउम्बुर्ग-लिप्पे हे जेमतेम 340 चौरस किमीचं संस्थान, राजधानी ब्युकेबुर्ग. 1748 मध्ये इथे काउंट विल्हेल्म गादीवर आला, जन्म लंडनचा, तोफखान्यातला पक्का जाणकार. 1762 मध्ये स्पेनने पोर्तुगालवर चाल केली तेव्हा पोर्तुगालची फौज ह्याच्याच हाताखाली लढली. पण त्याचं ठाम मत होतं की बचावासाठी केलेलं युद्ध तेवढंच न्याय्य, आणि मला हा माणूस मोठा वाटतो तो त्याच्यामुळेच.

बेट नैसर्गिक नाहीये! विल्हेल्मच्याच हुकमाने 1761 ते 1767 ह्या काळात कोळ्यांच्या होड्यांतून दगड आणून तळ्यात टाकले, भर घालत घालत जमीन केली आणि तिच्यावर हा जलदुर्ग उभा राहिला. भिंतीच्या एका दगडावर हात ठेवला, गार आणि शेवाळलेला, आणि असे किती दगड किती खेपांत आणले असतील ह्या विचारानेच थक्क झालो. इथेच त्याने लष्करी शाळा काढली, पुढे प्रशिया ह्या बलाढ्य जर्मन राज्याचं सैन्य नव्याने घडवणारा शार्नहोर्स्ट ह्याच शाळेत शिकला, तोही शेतकरी घरातून आलेल्या बापाचा पोरगा.

विल्हेल्म 1777 ला गेला, मूलबाळ मागे नाही, गादी दुसऱ्या शाखेतल्या फिलिप अर्न्स्टकडे गेली. तोही 1787 च्या फेब्रुवारीत वारला, वारस पोरगा दोन वर्षांचा. लगेच शेजारच्या हेस्सेन-कासेलने फौज घुसवली, कारण काय तर म्हणे फिलिप अर्न्स्टची आई बरोबरीच्या घराण्यातली नव्हती म्हणून हा वारसाच चालत नाही. संस्थान खालसा करायचा सरळ सरळ डाव. सगळा मुलूख बघता बघता गेला, फक्त हे बेट हेस्सेनच्या हाती लागलं नाही. पोराची आई युलियाने, स्वतः हेस्सेनच्याच एका शाखेतली लेक, पण डगमगली नाही, ही सगळी जर्मन संस्थानं ज्यात मोडत त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या दरबारात दाद मागितली, निकाल तिच्या बाजूने लागला, प्रशिया आणि हानोफरचाही दबाव आला आणि दोन-तीन महिन्यांत हेस्सेनला माघारी जावं लागलं. ते पोरगं, गेओर्ग विल्हेल्म, 1807 मध्ये प्रिन्स झालं आणि 1860 पर्यंत गादीवर राहिलं. गादी गेली ती 1918 ला, आणि 1946 मध्ये हा प्रदेश लोअर सॅक्सनी ह्या जर्मन राज्यात विलीन झाला. बेट मात्र अजूनही घराण्याचंच आहे.

दुसऱ्या दिवशी ब्युकेबुर्गचा राजवाडा बघितला, छान आहे, पण माझं मन शाउम्बुर्गच्या जंगलात अडकलेलं. तिथे पिरॅमिडसारखी एक समाधी आहे. विल्हेल्मची एकुलती एक लेक एमिली 1774 मध्ये तीन वर्षांची असताना गेली, दोन वर्षांनी बायको, मग तो. तिघंही तिथेच. मी गेलो तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं, झाडांखाली ओला पाला पडलेला, बराच वेळ उभा राहिलो आणि मग स्टेशनच्या रस्त्याला लागलो.