अजून प्लिमथलाच

परवा सिडकोतल्या मामांचा फोन आला. ‘काय मग, जहाज उभं आणि पगार चालू! मजा आहे बुवा तुझी.’ मामा प्रेमानेच बोलले, पण ते मनाला लागलं.

अठरा दिवस झाले, आम्ही इंग्लंडच्या या बंदरात अडकलोय. पहिल्यांदा निघालो आणि तीन तासांतच मेन इंजिनच्या तीन नंबर सिलिंडरमधून जॅकेटचं, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणारं पाणी गळायला लागलं. बंदरात परत येऊन लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतलं नळकांडं, वर काढला. त्याची रबरी रिंग हातात घेतली, तर तिला नखाएवढी चीर. एवढ्या चिरेपायी अख्खं जहाज माघारी. दुसऱ्यांदा इंजिन ठणठणीत होतं, पण एडिस्टनचं दीपगृह मागे पडलं आणि नैर्ऋत्येचा वारा भडकला. कॅप्टनसाहेबांनी जहाज वळवलं. धक्क्याला लागलो तेव्हा हादऱ्यांनी डिझेलचा एक पाइप तडकलेला सापडला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा सर्व्हेयरची तपासणी.

आता तिसऱ्यांदा थांबलोय. रेडिओवरच्या हवामान अंदाजात प्लिमथ, बिस्के, फिट्झरॉय ही समुद्रपट्ट्यांची नावं आली की सगळे कान टवकारतात. तिन्हीकडे ८ नंबरचा वारा, म्हणजे ३४ ते ४० नॉट (ताशी सागरी मैल). आपण नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून गंगेचा, म्हणजे गोदावरीचा पूर ओळखतो ना, तसंच हे. मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना रामकुंडात उतरणाऱ्याला कुणी शूर म्हणतं का?

यातलं फिट्झरॉय हे नाव मला फार जवळचं वाटायला लागलंय. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’चे ते कप्तान. तेही इथेच अडकले होते. आधी सडलेल्या लाकडांची दुरुस्ती झाली, मग वारा आडवा आला. १० डिसेंबर १८३१ ला निघून परतले, २१ ला निघून पुन्हा परतले, तेव्हा कुठे २७ ला सुटले. इथे काढलेले ते दोन महिने डार्विनला आयुष्यातले सर्वांत वाईट वाटले होते. हेच फिट्झरॉय पुढे ब्रिटनच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले, १८६१ पासून त्यांनी वादळाचे इशारे सुरू केले आणि २००२ मध्ये समुद्राच्या एका पट्ट्याला त्यांचं नाव मिळालं. थांबण्याची किंमत त्यांना नक्की कळली असणार.

आणि बसून कोण आहे? जनरेटर रात्रंदिवस चालू असतो. भरती-ओहोटीला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे डेकवरच्या पोरांना दोर सारखे सैल-ताठ करावे लागतात. लायनर बसवला त्या रात्री मात्र चीफ इंजिनिअरनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि मला झोपायला पाठवलं. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. बंकवर पडलो आणि बाबा आठवले. सातपूरच्या कारखान्यात त्यांनी लागोपाठ दोन-दोन पाळ्या केलेल्या मी पाहिल्यात. त्यांच्या हातातला पाना कुणी काढून घेतला नाही. पण पाना धरायला मी त्यांच्याकडेच शिकलो आणि आज आमचे चीफ माझ्या हातच्या कामाला नावं ठेवत नाहीत, हेही सांगायलाच हवं.

काल खलाशांच्या केंद्रातल्या एक आजी गँगवेवर आल्या. स्वतः विणलेल्या लोकरीच्या टोप्या सगळ्यांना देऊन, चहाही न घेता गेल्या. माझी निळी आहे.

उद्या पहाटे ५ चा पायलट, म्हणजे जहाज बंदराबाहेर काढून देणारा वाटाड्या, सांगितलाय. ती चिरलेली रिंग मी कपाटात जपून ठेवलीये. नाशिकला आलो की मामांच्या हातावर ठेवणार आहे.